क्रोझमधलं दगडी घर: साठेखतापासून सेप्टिक टँकपर्यंत

पॅरिसच्या उपनगरात नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर 2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही बाडबिस्तरा घेऊन क्रोझ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहायला आलो. गावाची वस्ती तीनशेच्या आत. आमचं घर तर गावातही नाही, गावापासून दीड किलोमीटरवरच्या नऊ घरांच्या वाडीत आहे. घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून सगळे कागद पुरे होईपर्यंत जवळपास दीड वर्ष गेलं. त्या काळात मराठीतून कुणी सांगणारं भेटलं असतं तर किती बरं झालं असतं, असं फार वाटायचं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एवढ्या लहान गावात नाव सांगितलं की माणसंही ओळखू येतात.

क्रोझ हा फ्रान्सच्या मध्यभागातला ग्रॅनाइटचा, कुरणांचा आणि तांबूस लिमूझँ गायींचा जिल्हा. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या एक लाख पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे कित्येक तालुके याहून मोठे. जिल्ह्याचं ठिकाण गेरे. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकातून याच जिल्ह्यातल्या ला सूतेरेनला थेट गाडी येते, पावणेतीन-तीन तास लागतात. नवऱ्याला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करता येतं आणि दोन दिवस पॅरिसला जावं लागतं, त्यामुळे ही गाडी आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची होती.

मला या भागाची ओढ लागली ती इथल्या गवंड्यांमुळे. एकोणिसाव्या शतकात इथले पुरुष दर वसंतात पॅरिसला बांधकामावर जायचे आणि हिवाळ्यात गावी परतायचे. मार्ताँ नादो हा त्यांच्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. 1815 साली जन्मला, चौदाव्या वर्षी बापाबरोबर गवंडीकामाला पॅरिसच्या वाटेला लागला आणि पुढे खासदार झाला. मी संगमेश्वर तालुक्यातल्या आजोळी वाढले. तिथेही घरटी एक पुरुष मुंबईला आणि घर चालायचं मनीऑर्डरवर. बायका, म्हातारी माणसं आणि शेती यांच्या भरवशावर उभं राहिलेलं गाव कसं दिसतं ते मला ठाऊक होतं. क्रोझमधली बंद खिडक्यांची घरं पाहिल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, हे तर आपलंच आहे.

घर पहिल्यांदा पाहिलं ते शनिवारी, 18 फेब्रुवारी 2023 ला. पाऊस, चार अंश तापमान, चिखल. जुनं घर हिवाळ्यातच पाहावं, हा माझा पहिला सल्ला. मे महिन्यात इथलं प्रत्येक घर सुंदर दिसतं. फेब्रुवारीत उत्तरेकडच्या भिंतीची ओल, धुराड्यातून येणारा वारा, तळघरातलं पाणी, सगळं डोळ्यांना दिसतं. आमच्या घरात उत्तरेची भिंत कमरेएवढी ओली होती. माळा मात्र खडखडीत कोरडा होता आणि तुळया ओकच्या, बोटाने दाबून पाहिल्या तरी कुठे भुसा पडत नव्हता.

एजंट गेल्यावर आम्ही शेजारचं दार वाजवलं. ऐंशीच्या घरातले शेतकरी आजोबा बाहेर आले. आधी ‘बोंजूर मस्यो’ म्हणायचं, थांबायचं, मग बोलायचं. इथे बोंजूर न म्हणता थेट प्रश्न विचारणं म्हणजे दारात चपला घालून देवघरात शिरणं. त्यांनी आम्हाला पावसातच घरामागे नेलं आणि दाखवलं की ओढ्याचं पाणी नोव्हेंबरात कुठपर्यंत चढतं, भिंत का ओली आहे (पागोळीची पन्हळ फुटली होती, बाकी काही नाही), आणि संडासाचं पाणी जातं कुठे. ते थेट खालच्या कुरणातल्या जुन्या खड्ड्यात जात होतं. ‘हे तुम्हाला महागात पडेल मादाम,’ ते म्हणाले. तसंच झालं. पण आधी कळलं म्हणून किंमत ठरवताना ते धरता आलं. ‘हे शिवणाऱ्या बाईंचं घर,’ असंही त्यांनी सांगितलं. त्या बाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या पंचक्रोशीतले कपडे शिवायच्या. गावात आजही आमचं घर त्याच नावाने ओळखतात.

मागणी 68,000 युरोंची होती, एजंटचं कमिशन त्यातच धरलेलं. सेप्टिक टँकचं कारण लिहून आम्ही 62,000 ला लेखी प्रस्ताव दिला. चार दिवसांनी होकार आला.

इथे थोडं थांबून कागदांबद्दल सांगते. फ्रान्समध्ये घर घ्यायला नागरिकत्व लागत नाही, इथे राहण्याचीही अट नाही. पण घर घेतलं म्हणून इथे राहण्याचा हक्कही मिळत नाही; व्हिसा आणि निवास परवाना ही वेगळी वाट आहे. भारतातून पैसे आणणार असाल तर परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा लक्षात ठेवा आणि प्रत्येक रकमेचा कागद जपा, कारण पैसे कुठून आले हे इथे विचारतातच.

व्यवहार नोतेरकडे होतो. नोतेर म्हणजे वकील नव्हे, सरकारने अधिकार दिलेला दस्त-अधिकारी. आपला दुय्यम निबंधक आणि कागद करणारा वकील एकाच माणसात आहेत असं समजा. विकणाऱ्यांचा नोतेर असला तरी घेणाऱ्याला स्वतःचा वेगळा नोतेर नेमता येतो आणि त्याचा जादा खर्च पडत नाही. ठरलेली फी दोघं वाटून घेतात. हे आम्हाला उशिरा कळलं. तुम्ही आधीपासून करा.

नोतेरच्या कचेरीतून पहिलंच पत्र आलं त्यात विचारलं होतं, ‘तुमच्या लग्नाची मालमत्ता-पद्धत कोणती?’ आमचं लग्न डिसेंबर 2014 मध्ये चिपळूणला झालं. भारतात असा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे आम्ही गोंधळलो. उत्तर असं निघालं: 1 सप्टेंबर 1992 ते 28 जानेवारी 2019 या काळात लग्न झालेल्यांना 1978 चा हेग करार लागू होतो, आणि करारनामा केलेला नसेल तर साधारणपणे लग्नानंतरचं पहिलं सामाईक बिऱ्हाड ज्या देशात, त्या देशाचा कायदा. मी लग्नानंतर महिन्याभरात पॅरिसला आले होते, म्हणून आम्हाला फ्रेंच पद्धत लागू. म्हणजे लग्नानंतर कमावलेलं दोघांचं समान. 29 जानेवारी 2019 पासून लग्न झालेल्यांसाठी युरोपीय नियम आहे. तुमचं लग्न भारतात झालं असेल तर हा मुद्दा नोतेरशी पहिल्याच भेटीत बोलून घ्या.

विवाह नोंदणी दाखला आणि जन्मदाखले, दोन्हींना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, हवं होतं. भाऊ चिपळूणहून मुंबईला दोनदा गेला. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मग इथल्या न्यायालयाच्या यादीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर. मराठीतून करणारं कुणी मिळेना, पण दाखल्यावर इंग्रजी मजकूर होता, त्यामुळे निभावलं. पानामागे 50 युरो पडले आणि सगळं हातात यायला पाच आठवडे गेले. माझं कळकळीचं सांगणं: भारतात सुट्टीला जाल तेव्हा हे दाखले अपोस्टिल करूनच आणा, घर घ्यायचं असो वा नसो.

साठेखतावर, म्हणजे काँप्रोमीवर, सही शुक्रवारी 24 मार्चला झाली. त्याला जोडलेल्या तपासण्यांचा गठ्ठा ऐंशी पानांचा. 1949 पूर्वीच्या घरात शिशाचा रंग, 1997 पूर्वीच्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस, पंधरा वर्षांहून जुनी वीजजोडणी, आणि ऊर्जेचा वर्ग. आमचं घर जी वर्गात, म्हणजे सगळ्यांत खालच्या. (आमच्या सहीनंतर आठवड्याभरातच, 1 एप्रिल 2023 पासून, एफ आणि जी वर्गातलं घर विकणाऱ्याने सविस्तर ऊर्जा-अहवाल देणं सक्तीचं झालं. घर भाड्याने द्यायचा विचार असेल तर जी वर्ग घेऊ नका, 2025 पासून नव्या भाडेकरारांना बंदी आहे.) आणि एक माहिती या ग्रॅनाइटच्या मुलखाची खास, रॅडॉन वायूची. तो दगडातून झिरपतो, दिसत नाही, वास येत नाही. उपाय साधा आहे: जमिनीच्या फटी बुजवायच्या आणि घर रोज उघडून हवेशीर ठेवायचं, थंडीतसुद्धा दहा मिनिटं. आम्ही ते पाळतो.

इसार पाच टक्के, 3,100 युरो, नोतेरच्या खात्यात. त्यानंतर घेणाऱ्याला कारण न देता माघार घेण्यासाठी दहा दिवस मिळतात. ते सहीच्या दिवसापासून नव्हे, रजिस्टर पत्र दारात आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. आमचं पत्र 30 मार्चला आलं. दहावा दिवस 9 एप्रिल, नेमका ईस्टरचा रविवार, दुसऱ्या दिवशी ईस्टर सोमवारची सुट्टी, म्हणून मुदत मंगळवारी 11 तारखेला संपली. ते दिवस मी नीट झोपले नाही. रात्री दोनला उठून हिशेब मांडायचे. लेक पाच वर्षांची, शाळा पॅरिसची, मैत्रिणी पॅरिसच्या. नवरा एवढंच म्हणाला, ‘भीती वाटतेय की नको वाटतंय, ते ठरव.’ भीती वाटत होती. नको वाटत नव्हतं.

कर्ज आम्हाला फक्त 40,000 युरोंचं हवं होतं, आणि तीच अडचण ठरली. दोन बँकांनी एवढी लहान रक्कम, खेड्यातलं घर आणि वर्षभरात संपणारा निवास परवाना पाहून नकार दिला. तिसरीने होकार दिला, पण परवान्याच्या नूतनीकरणाची पावती, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांची करपत्रकं आणि तीन महिन्यांचे बँक उतारे मागून. साठेखतात ‘कर्ज न मिळाल्यास इसार परत’ ही अट असतेच, तिची मुदत किमान एक महिना. आम्ही साठ दिवस लिहून घेतले होते आणि ते पुरते लागले. बँकेचं अधिकृत पत्र मेच्या मध्यावर आलं. गंमत अशी की ते लगेच स्वीकारता येत नाही, दहा दिवस विचार करून अकराव्या दिवशीच सही करायची, असा कायदा आहे.

मधल्या काळात नोतेरने गावाला आणि शेतजमिनीच्या संस्थेला, साफेरला, पत्रं पाठवली. अशा ठिकाणी दोघांनाही आधी खरेदीचा हक्क असू शकतो. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर हक्क सोडला असं धरतात.

23 जूनला खरेदीखत व्हायचं होतं. ते पुढे गेलं. विकणारी चार भावंडं होती, एक कॅनडात, आणि त्यांचं मुखत्यारपत्र वेळेत पोहोचलं नाही. आमच्या मनात आलं, आता हे रखडणार. माझ्या आजोळच्या घराला गेली बारा वर्षं कुलूप आहे, सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत आणि अकरा जण एका दिवशी एका टेबलाशी कधी बसले नाहीत. छपराची कौलं गळून वाशांत पिंपळ उगवला आहे. म्हणून चार सह्यांची वाट पाहताना माझा जीव वरखाली होत होता. चार आठवड्यांनी, 21 जुलैला, चारही सह्या जमल्या.

त्या दिवशी सकाळी आधी घर पुन्हा पाहून घेतलं, वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढले. हे सहीच्या दिवशीच करा, आदल्या दिवशी नाही. घराचा विमाही त्याच दिवसापासून चालू हवा, नोतेर दाखला मागतो. मग अडीच तास नोतेरने खरेदीखत मोठ्याने वाचलं, हद्दी, वारसांची साखळी, आजोबांनी दाखवलेल्या पायवाटेचा वहिवाटीचा हक्क, सगळं. पडद्यावर लेखणीने सह्या झाल्या. तुम्हाला फ्रेंच नीट येत नसेल तर दुभाष्या लागतो, त्याचा खर्च आधी धरा.

नोतेरचा खर्च जुन्या घरांना किमतीच्या सात-आठ टक्के सांगतात. आमचा 5,900 झाला, म्हणजे साडेनऊ टक्के, कारण घर जितकं स्वस्त तितका ठरावीक कागदपत्रांचा भार जास्त वाटतो. यातला मोठा वाटा कराचा असतो, नोतेरची फी थोडीच. अंदाजाने थोडं जास्त घेतात आणि उरलेलं परत करतात. आम्हाला सहा महिन्यांनी 214 युरो परत आले. त्या वर्षाची घरपट्टीही 21 जुलैपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांची मोजून विकणाऱ्यांना त्याच टेबलावर द्यावी लागली.

चार भावंडांतली थोरली बहीण सत्तरीची. किल्ल्यांचा जुडगा तिने माझ्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, ‘मागच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड आईने लावलंय. माझ्या जन्माच्या वर्षी.’ एवढंच.

यापुढची कामं सुरू झाली ती मेरीत. मेरी म्हणजे ग्रामपंचायत. आमच्या गावची मंगळवारी दुपारी आणि शुक्रवारी सकाळी उघडते, कारण सचिवबाई तीन गावं सांभाळतात. पाण्याची जोडणी, कचऱ्याचं कार्ड, बांधकामाचे अर्ज, शाळाप्रवेश, सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. पहिल्याच आठवड्यात मी आणि लेक भेटायला गेलो. काम काही नव्हतं, नुसती ओळख करून द्यायला. त्यांनी सरपंचांना फोन लावला, ते ट्रॅक्टरवरून थेट आले. नव्या गावात गेलात तर हे पहिल्या आठवड्यात करा. पुढे प्रत्येक अर्जाला ‘अच्छा, तुम्ही’ अशी ओळख मिळते.

सगळ्यांत लांबलेलं काम सेप्टिक टँकचं. जिथे सार्वजनिक गटार नाही तिथे स्पांक नावाची स्थानिक सेवा घरगुती सांडपाण्याची तपासणी करते. तिचा तीन वर्षांच्या आतला अहवाल विक्रीच्या कागदांत लागतो, आणि अहवालात ‘नियमाप्रमाणे नाही’ असं असेल तर खरेदीपासून एका वर्षात दुरुस्ती घेणाऱ्याने करायची. आमची मुदत 21 जुलै 2024.

सप्टेंबरात मातीचा अभ्यास करून घेतला, 480 युरो. अभियंत्याने चार ठिकाणी भोकं पाडली, पाणी ओतलं, किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून पाहिलं. क्रोझची माती उथळ, खाली लगेच कातळ. त्यामुळे साधा शोषखड्डा चालेना. दोन पर्याय उरले: विजेवर चालणारं लहान यंत्र, किंवा टाकी आणि तिच्यापुढे वाळूचा गाळणथर. आम्ही वाळू निवडली. त्याला वीज लागत नाही आणि म्हणूनच सरकारच्या बिनव्याजी कर्ज योजनेत, इको-पीटीझेडमध्ये, 10,000 युरोंपर्यंत बसतं. ही गोष्ट आम्हाला ना एजंटने सांगितली ना कंत्राटदाराने, ती सचिवबाईंनी सांगितली. कर्जाचा अर्ज काम सुरू होण्याआधी करायचा, हे विसरू नका. घर दोन वर्षांहून जुनं असल्याने कामावर व्हॅट वीसऐवजी दहा टक्के लागला.

पहिल्या आराखड्यात गाळणथर अगदी अक्रोडाखाली आला. झाडापासून तीन मीटर अंतर हवं, म्हणून अभियंत्याने सरळ लिहिलं, ‘झाड काढणे.’ मी कागद परत पाठवला. त्याला फोन करून सांगितलं की हे झाड काढणार नाही, कुठे सरकवता येईल ते बघा. त्यासाठी तो पुन्हा येऊन मोजमाप घेऊन गेला आणि थर अंगणाच्या पश्चिमेला, उताराच्या बाजूला नेला. पाइप अकरा मीटर वाढला, खर्च साडेसहाशे युरोंनी. एकूण 9,400.

जेसीबीवाला पावसामुळे मार्चऐवजी मेअखेरीस आला. इथे सगळ्यांत महत्त्वाची सूचना: खड्डे, पाइप, वाळू सगळं टाकून झाल्यावर, माती लोटण्यापूर्वी, स्पांकचा माणूस बघून गेला पाहिजे. एकदा माती लोटली की तो काहीच तपासू शकत नाही आणि पुन्हा उकरावं लागतं. आमच्या कामगारांना शुक्रवारी संपवून जायचं होतं. मी ताडपत्री टाकून खड्डे तसेच ठेवले आणि सोमवारी सकाळी तपासणी झाल्यावरच माती ओढू दिली. 12 जूनला ‘नियमाप्रमाणे’ असा अहवाल आला. मुदतीला पाच आठवडे शिल्लक होते. मी तो कागद आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिला वाटलं, लेकीचा निकाल लागला.

खिडक्यांच्या झडपा बदलायच्या परवानगीचं थोडक्यात सांगते. गावची चर्च संरक्षित वास्तू आहे, तिच्या पाचशे मीटरांच्या टापूतलं काही बदलायचं तर सरकारी वास्तुविशारदाचं मत घेतात आणि एक महिन्याऐवजी दोन महिने लागतात. आमची वाडी त्या टापूबाहेर आहे, म्हणून महिन्यातच परवानगी आली. परवानगीचा फलक रस्त्यावरून दिसेल असा लावायचा आणि फोटो काढून ठेवायचा. शेजाऱ्यांची हरकतीची दोन महिन्यांची मुदत तो फलक लागल्यापासून मोजतात.

पत्त्याची गोष्ट मला फार आवडते. घर घेतलं तेव्हा आमच्या घराला क्रमांकच नव्हता. नुसतं वाडीचं नाव. पोस्टमनला सगळं ठाऊक, पण इंटरनेट कंपनीच्या यादीत घर सापडेना, म्हणून फायबर येईना. फेब्रुवारी 2022 च्या कायद्याने लहान गावांनाही रस्त्यांना नावं आणि घरांना क्रमांक देणं बंधनकारक केलंय, आणि आमच्या गावाचं ते काम तेव्हाच चाललं होतं. क्रमांक अंतरावरून देतात, रस्ता सुरू होतो तिथून घर जितक्या मीटरवर तो आकडा. नऊ घरांच्या वाडीत आमचं घर 340. फेब्रुवारी 2024 मध्ये सरपंचांनी निळी पाटी स्वतः आणून दिली, एप्रिलमध्ये फायबर आला. तुमच्याही घराला क्रमांक नसेल तर कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका, आधी मेरीत जा.

11 नोव्हेंबर 2023 ला आम्ही मुद्दाम पॅरिसहून आलो होतो. पहिलं महायुद्ध संपलं तो दिवस. हुतात्मा स्तंभापाशी चाळीसेक माणसं, सरपंच तिरंगी पट्टा घालून एकेक नाव वाचत होते आणि प्रत्येक नावानंतर शाळेतली मुलं एका सुरात ‘फ्रान्ससाठी मृत’ म्हणत होती. एकाच आडनावाची तिघं होती. याच जिल्ह्यातल्या जाँतियू गावच्या स्तंभावर सैनिकाचा पुतळा नाही, एक अनाथ पोरगा आहे, लाकडी खडावांत, मूठ उगारलेला, आणि अक्षरं कोरलीयत: ‘युद्धाला शाप असो’. त्या महिन्यात आम्ही तेही पाहून आलो. समारंभ झाल्यावर सभागृहात वाईन आणि बटाट्याचा पाते, म्हणजे मैद्याच्या पारीत बटाटा आणि साय भरून भाजलेला. मी पहिल्यांदा खाल्ला आणि कृती विचारली. तीन बायकांनी तीन वेगळ्या सांगितल्या.

ऑगस्ट 2024 मध्ये ट्रक भरून कायमचे आलो. पत्ता बदलल्याचं निवास परवान्याच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं, आणि कराच्या संकेतस्थळावर घरात कोण राहतं तेही. लेकीची शाळा तीन गावांत वाटलेली आहे: एका गावात बालवर्ग, दुसऱ्यात पहिली-दुसरी, तिसऱ्यात पुढचे वर्ग. मुलांना सकाळी लहान बस गोळा करते. तिच्या वर्गात चौदा मुलं आहेत. प्रवेशाला मेरीचा दाखला, जुन्या शाळेचं पत्र आणि लसींचं पुस्तक एवढं पुरलं. पहिले तीन आठवडे ती रोज रडली. मी काही तिला समजावत बसले नाही, बसथांब्यापर्यंत नुसती बरोबर चालायचे. चौथ्या आठवड्यात तिने पाटीवर नाव लिहावं तसं थांब्याच्या लाकडी बाकावर खडूने आपलं नाव लिहिलं, देवनागरीत.

मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला पावाची गाडी येते, तीनदा हॉर्न वाजवते. घरी नसाल तर दाराच्या कडीला पिशवी आणि आत सुटे पैसे ठेवायचे. मोठ्या बाजाराला पंचवीस मिनिटं गाडी चालवावी लागते आणि नवा डॉक्टर मिळायला आम्हाला चार महिने लागले. येण्याआधी तिथल्या दवाखान्यात नवे रुग्ण घेतात का ते फोन करून विचारा, हे मी केलं नव्हतं. जळाऊ लाकूड वसंतातच सांगून ठेवा. सहा स्तेर (म्हणजे रचलेल्या लाकडाचे घनमीटर) ओक, 75 युरोंनी, 450 झाले. धुराडं वर्षातून एकदा साफ करून घेऊन दाखला जपा, विमा कंपनी मागते. ऑक्टोबरात पायवाटांवर चेस्टनटचा सडा पडतो. उकडून सोलले की थेट फणसाच्या आठळ्या. आईला पाठवायची सोय नाही, याचं वाईट वाटतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दारात एक गाडी थांबली. थोरल्या बहिणीची. ती फाटकाबाहेरच उभी राहिली, आत येऊ का म्हणून विचारलं. घरात आली नाही, मागे झाडापाशी गेली. खाली अक्रोड पडले होते. आम्ही दोघींनी आणि लेकीने मिळून दोन टोपल्या वेचल्या. तिने हिरवी साल काढताना हातमोजे घालायला लावले, डाग महिनाभर जात नाही म्हणून. मी धुवायला नळाकडे नेऊ लागले तर म्हणाली, ‘धुवून ओले ठेवू नका, बुरशी येते. माळ्यावर दक्षिणेच्या खिडकीपाशी पसरा. आई तिथेच पसरायची.’ मग लेकीकडे वळून तिला सांगितलं, ‘तीन आठवडे, आणि रोज एकदा हलवायचे. विसरशील का?’

लेक म्हणाली, ‘नाही.’ एक टोपली आम्ही त्यांच्या गाडीत ठेवली.